पंखांखालचे एकवीस दिवस

वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय २३ : ३७-३९, अनुवाद २२ : ६-८, यिर्मया १७ : ११



आपल्या प्रभूने यरुशलेम नगराकडे पाहून शोक केला तेव्हा त्याने स्वतःस कोणाची उपमा दिली, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या काळी त्या नगरावर रोमी लोकांची सत्ता होती, आणि रोमी पलटणींच्या निशाणावर गरुड असे. जुन्या करारातही, परमेश्वराने आपल्या लोकांस मिसर देशातून कसे आणिले हे सांगताना गरुडाच्या पंखांचा दाखला आला आहे. तेव्हा प्रभूने गरुडाचे नाव घेतले असते तर ऐकणारांस त्याचे नवल वाटले नसते. त्याने नाव घेतले ते अंगणातल्या कोंबडीचे. मोठमोठ्या भाष्यकारांनी ह्या वचनावर पुष्कळ लिहिले आहे. परंतु कंधार, मुखेड, अहमदपूर किंवा औसा ह्या तालुक्यांतील ज्या भगिनी वर्षातून दोनतीनदा टोपलीत अंडी मांडून त्यांवर खुडूक कोंबडी बसवितात, त्यांस हे वचन भाष्यकारांपेक्षा अधिक कळावे असे आम्हांस वाटते. यास्तव ह्या आठवड्यात आम्ही घरी अंडी उबविण्याच्या कामाविषयीच लिहीत आहो. शेतकीच्या मासिकात शोभेल असा मजकूर यात बराच येईल, त्याबद्दल कोणी उपदेशक बंधूने रुसू नये. कोंबडी टोपलीत बसून काय करिते हे पाहिल्यावाचून तिचा दृष्टांत कळत नाही.

प्रथम तिच्या बसण्याची किंमत पाहू. गावठी कोंबडी दहापंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. ती पिसे फुलविते, जवळ गेल्यास गुरगुरल्यासारखा आवाज काढिते, हात घातल्यास टोचते, आणि टोपली सोडीत नाही. त्या दिवसापासून तिचे अंडी घालणे बंद होते. तिच्या छातीखालची पिसे गळतात आणि तेथील कातडी उघडी व उष्ण होते, म्हणजे तिच्या रक्ताची ऊब आणि अंड्याचे कवच यांच्यामध्ये काहीच राहत नाही. दिवसातून एकदा ती उठते, पंधरावीस मिनिटांत पाणी पिऊन, चार दाणे टिपून, धुळीत अंग घोळून परत येते. ह्या दिवसांत तिचे वजन घटते. असे एकवीस दिवस, आणि पिल्ले निघाल्यावर त्यांस घेऊन हिंडण्याचे आणखी आठदहा आठवडे. म्हणूनच गावठी कोंबडीची वर्षाची अंडी पन्नाससाठच्या घरात राहतात, आणि पांढरी लेगहॉर्न कोंबडी वर्षास तीनशेच्या आसपास देते. लेगहॉर्नमध्ये ही शक्ती कोठून आली? मनुष्यांनी पिढ्यान् पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्या निवडून ठेविल्या, त्यामुळे तिची बसण्याची बुद्धीच मोडली. बंगळूरकडून आलेली गिरिराज व हैदराबादेस तयार झालेली वनराज ह्या सुधारलेल्या जातीही सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी उबवावयाची असली तर गावठी कोंबडीच्याच पोटाखाली ठेवावी लागतात.

आम्ही त्या सुधारलेल्या पक्ष्यांस नावे ठेवीत नाही. ज्या घरी मुलांस दूध मिळत नाही त्या घरी अंडी मिळणे ही देवाची देणगीच आहे. परंतु प्रभूने स्वतःस जी उपमा दिली ती बसणारीची आहे. आमच्या उपदेशक बंधूंनी येथे क्षणभर थांबावे. आपणांस दर महिन्यास अहवाल लिहावा लागतो : सभा किती झाल्या, पुस्तके किती खपली, नवी घरे किती. कोंबडीचा असा अहवाल कोणी लिहिला असता तर ज्या तीन आठवड्यांत ती सर्वांत अधिक कष्ट करिते, नेमक्या त्याच तीन आठवड्यांच्या रकान्यात शून्य भरावे लागले असते. एखाद्या उपदेशकाने सबंध पावसाळा एका तापकरी माणसाच्या उशाशी, किंवा भाऊबंदकीने फुटलेल्या दोन घरांमध्ये येजा करण्यात घालविला आणि त्याच्या कागदावर काही दिसले नाही, तर अहवाल वाचणाऱ्यांनी आधी त्यास विचारावे की ह्या महिन्यांत आपण कोठे बसला होता.

किंमत केवळ कोंबडीच देते असेही नाही. गरिबाच्या घरी बारा अंडी म्हणजे आठवड्याचे तेलमीठ, किंवा मुलीच्या शाळेच्या वह्या. ती बाजारी न नेता टोपलीत मांडणे म्हणजे तीन आठवडे हाती काही न लागता वाट पाहणे होय. आणि पुढे आठनऊ पिल्ले निघाली तरी त्यांतली काही घार नेते, काही मुंगूस नेते, एखादे मांजराच्या तोंडी जाते. हे सर्व ठाऊक असूनही जी भगिनी दुष्काळाच्या वर्षी अंडी मांडिते, तिच्या विश्वासाची परीक्षा घेण्याची आम्हांस काही गरज वाटत नाही.

आता अंडी मांडण्यापूर्वीची एक गोष्ट. आमच्या भागात उन्हाळ्यात बसविलेल्या कोंबडीखाली पुष्कळदा बारांपैकी दोनतीनच पिल्ले निघतात, कधी एकही नाही. मग घरात बोलणे सुरू होते : अमकीची दृष्ट लागली, तमकीने टोपलीत डोकावून पाहिले. ख्रिस्ती घरांतही असे बोलले जाते, आणि त्यावरून शेजारणीशेजारणींचा अबोला पडतो. खरे कारण वेगळे आहे. फळलेले अंडे बाहेर पडते तेव्हा त्यातील जीव मेलेला नसतो आणि वाढतही नसतो. तो निजलेला असतो. हवा सुमारे वीस अंश सेल्सिअसच्या खाली असली तर तो तसाच निजून राहतो, आणि मागाहून कोंबडीची ऊब मिळाली की वाढू लागतो. परंतु चैत्रवैशाखात नांदेड-लातूरकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या घरात फळीवर ठेविलेल्या अंड्यास कोंबडीवाचूनच ऊब लागते. आतला जीव अर्धवट जागा होतो. रात्री गारवा पडला की वाढ खुंटते. दुसऱ्या दुपारी पुन्हा जाग. असे चारसहा दिवस झाले म्हणजे तो अशक्त होऊन मरतो. मग कोंबडी बिचारी मेलेल्या अंड्यांवर एकवीस दिवस बसून राहते, आणि दोष मात्र शेजारणीच्या डोळ्यांस लागतो.

उपाय सोपा आहे. अंडी दररोज, शक्य तर दिवसातून दोनदा, गोळा करावी. मातीच्या मडक्यात किंवा परातीत ओली वाळू घालून तिजवर टोपली ठेवावी, आणि तीत अंडी रुंद टोक वर करून, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी. वाळू सुकू देऊ नये. अंडी पाण्याने धुऊ नयेत. कवचावर जो पातळ लेप असतो तो धुतल्याने जातो आणि घाण आत शिरते. तडकलेली, फार मोठी वा फार लहान अंडी खाण्यास घ्यावी. थंडीत सात दिवसांपर्यंतची व उन्हाळ्यात तीनचार दिवसांपर्यंतचीच अंडी मांडावी. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ ह्या कामास उत्तम आहे. आणि दुकानातली पांढरी अंडी उबतील का, असे जे विचारतात त्यांस सांगावे की उबणार नाहीत : त्या कोंबड्यांत कोंबडाच नसतो. आठदहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा असावा.

हा अर्धवट जागा झालेला जीव आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मांडव घालून चार दिवसांची सभा होते. गायन होते, बाहेरून वक्ते येतात, पुष्कळांची अंतःकरणे ऊब धरतात, कोणी रडतात, कोणी दारू सोडण्याचे वचन देतात. पाचव्या दिवशी मांडव उतरतो, आणि मग दिवाळीपर्यंत त्या वस्तीत कोणी फिरकत नाही. पुढल्या वर्षी त्याच माणसांकडे गेलो म्हणजे ती थंड दिसतात, आणि आम्ही म्हणतो की ह्या गावाचे लोक कठीण अंतःकरणाचे आहेत. सभा भरवू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु पाचव्या दिवशी त्या घरांत कोण जाणार, हे ठरल्यावाचून मांडवाचे भाडे कोणी देऊ नये.

टोपलीत कोंबडी स्वस्थ बसलेली दिसते, पण ती स्वस्थ नसते. दिवसरात्रीत अनेकदा ती चोचीने अंडी फिरविते. न फिरविल्यास पिवळा बलक वर तरंगून कवचाच्या आतील पापुद्र्यास लागतो, आणि कोवळा गर्भ तेथेच चिकटून मरतो. फिरविताना ती आणखी एक काम करिते, ज्याकडे आमचे लक्ष फार उशिरा जाते. टोपलीच्या कडेची अंडी तिच्या पोटाखालच्या अंड्यांपेक्षा थंड असतात. ती त्यांस चोचीने आत ओढते व मधली बाहेर सारते. म्हणून कोणतेही अंडे एकवीस दिवस कडेस पडून राहत नाही. आमच्या मंडळ्यांत कडेस कोण असते हे आपणांस ठाऊक आहे. दसऱ्यादिवाळीनंतर ऊसतोडीस जाऊन उन्हाळ्यात परतणारी कुटुंबे, ज्यांचा अर्ध्या वर्षाचा रविवार कारखान्याच्या फडात जातो. मागल्या रांगेत बसणारी विधवा. ज्याच्या मुलाने काही लाजिरवाणे केले असा बाप. मध्यभागी बसणारी चार घरे मात्र नेहमीच उबदार असतात, आणि पाळकाचा चहाही तेथेच होतो.

ह्याच कारणाने एका गावठी कोंबडीखाली दहाबारांहून अधिक अंडी ठेवू नयेत. लोभाने अठरा ठेविली तर तिचे पंख पुरत नाहीत. फिरवाफिरवीत प्रत्येक अंडे काही वेळ उघडे पडते आणि शेवटी बारांचीही आशा जाते. एका उपदेशकाच्या अंगावर अठरा गावे टाकणाऱ्या कमिट्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे अशी आमची नम्र विनंती आहे.

कोंबडीवाचून अंडी उबविण्याची युक्तीही फार जुनी आहे. ज्या मिसर देशातून इस्राएल लोक निघाले, तेथील लोक प्राचीन काळापासून विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवीत. आणि तेथील कारागीर थर्मामीटर नसता, अंडे आपल्या पापणीस लावून त्याची ऊब ओळखीत असत. फ्रान्स देशातील विद्वान रेओम्यूर याने १७४९ साली ह्या विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आता आमच्या खेड्यांतील हुशार मुलेही थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून हे काम करू लागली आहेत, आणि आम्हांस त्याचा आनंद वाटतो. त्यांच्यासाठी थोडे लिहितो. पंखा नसलेल्या पेटीत अंड्यांच्या वरच्या बाजूची ऊब साडेअडतीस अंश सेल्सिअसच्या जवळ असावी, पंखा असल्यास साडेसदतीस पुरे. पेटीत पाण्याची पसरट वाटी नेहमी भरलेली असावी, आणि शेवटल्या तीन दिवसांत ओलावा वाढविण्यासाठी दुसरीही ठेवावी. अंड्याच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा ती उलटावी. अठराव्या दिवसानंतर उलटू नयेत. नव्या पद्धतीचे एलईडी दिवे उजेड देतात पण ऊब देत नाहीत, म्हणून जुन्या तारेचाच बल्ब लागतो. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या तोंडाशी कागदाची नळी धरून तिजवर अंडे ठेवून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव आहे; सर्व स्वच्छ दिसले तर अंडे फळलेलेच नव्हते; नुसते रक्ताचे कडे दिसले तर जीव होता, तो गेला. शेवटल्या दोन्ही प्रकारची अंडी काढून टाकावी. कोंबडीखालची अंडीही अशीच तपासता येतात, मात्र ती उठते तेव्हाच.

वीज गेली म्हणजे काय करावे, हा आमच्या भागातला मुख्य प्रश्न आहे. पेटी उघडू नये. वरून गोधडी गुंडाळावी, आणि तास दोन तासांत वीज आली तर चिंता करू नये. परंतु रात्री दोन वाजता वीज गेली हे कळण्यास कोणीतरी जागे असावे लागते. पेटीच्या मालकास हे तिसऱ्याच रात्री उमगते. पेटी कोंबडीचे पोट होऊ शकते, पण बसण्याचे काम तेव्हाही कोणास तरी करावेच लागते.

पुष्कळ घरी टोपलीत लोखंडाचा खिळा, कोळसा किंवा लाल मिरची ठेवितात, म्हणजे वीज कडाडली तरी अंडी नासत नाहीत असे समजतात. गडगडाटाने फळलेली अंडी मरत नाहीत. वळवाच्या दिवसांत अंडी नासतात ती वर सांगितलेल्या उन्हाळ्याच्या उष्म्याने. वीज त्याच दिवसांत कडाडते इतकाच संबंध. खिळा काढून टोपलीच्या तळाशी चाळलेली राख व वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा, म्हणजे पिसवा होत नाहीत आणि कोंबडी चावे सहन न होऊन टोपली सोडून पळत नाही. विषम संख्येने अंडी मांडण्याच्या चालीस आमची हरकत नाही. तिने काही बिघडत नाही व काही साधतही नाही.

परंतु एक भय असे आहे की ते पोकळ नाही, आणि त्याविषयी आम्ही स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे व लातूर जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यातील केंद्रेवाडी येथे कोंबड्या पटापट मेल्या, आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. २०२५ च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे मरून पडले, त्यांतही तोच रोग सापडला. असा रोग कोंबड्यांत ठरला म्हणजे सरकारी माणसे येतात, आणि साधारण एक किलोमीटरच्या आतील सर्व कोंबड्या, धडधाकट असल्या तरी, मारून पुरतात. अंडी व खाद्यही नष्ट करितात. नुकसानभरपाई असते. पण टोपलीतल्या सोळाव्या दिवसाच्या अंड्यांत जो जीव हालत असतो त्याचे मोल पैशात होत नाही.

समजा, अशा दिवशी एका घरी खुडूक कोंबडी बसली आहे, आणि अंड्यांस पाच दिवस उरले आहेत. कोंबडी निरोगी आहे. घरातली बाई टोपलीवर गोणपाट टाकून ती माळ्यावर ठेवू शकते. कोणास कळणार नाही. आम्ही तिला काय सांगावे? कोणी शास्त्र जाणणारा म्हणेल की अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, अंड्यांवर बसलेली आई अंड्यांसुद्धा धरून नेऊ नये असा नियम आहे. नियम आहे खरा, आणि तो फार कोमल आहे. खाण्याच्या लोभाने मनुष्याने घरटे मुळासकट संपवू नये म्हणून तो दिला आहे. परंतु त्याच्या लगेच पुढचे वचन वाचावे. तेथे घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे, अशासाठी की कोणी तेथून पडून मरू नये आणि त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये. पाखराच्या आईची दया आणि शेजाऱ्याच्या जिवाची काळजी ही दोन वचने मोशेने एकाखाली एक लिहिली आहेत. माळ्यावर लपविलेली कोंबडी म्हणजे कठडा नसलेले धाबे होय. तिच्या विष्ठेतून, टोपलीतून, आपल्या पायांच्या धुळीतून रोग गल्लीपलीकडे जातो, आणि तेथील विधवेच्याही चार कोंबड्या जातात. क्वचित् माणसासही तो रोग जडतो व प्राण घेतो. म्हणून कोंबडी द्यावी. रडत द्यावी लागली तर रडत द्यावी. आपल्या प्रभूनेही नगरासाठी अश्रू गाळले, म्हणून त्या अश्रूंस कोणी हसू नये.

पण आमचे सांगणे तेवढ्यावर संपत नाही. जी भगिनी खरे बोलून आपली कोंबडी देते, तिला एकटीने त्याचे नुकसान सोसावयास लावणे हे मंडळीस शोभत नाही. सरकारी बंदी उठली म्हणजे दूरच्या, रोग नसलेल्या गावांतील विश्वासी घरांनी तिला एक तलंग द्यावी. ते न जमल्यास दहा अंडी व खुडूक कोंबडी उसनी द्यावी. पिल्लांस मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पहिल्या आठवड्यातच गुरांच्या दवाखान्यातून विचारून घ्यावी. खुराड्यात नवी पिल्ले शिरण्यापूर्वी ते साफ करून उन्हात तापू द्यावे व चुन्याने सारवावे.

उसनी कोंबडी देण्याच्या ओघात वाट्याचीही गोष्ट निघते. अंडी एकीची व कोंबडी दुसरीची असली तर पिल्ले निम्मी निम्मी वाटून घेण्याची चाल आहे, आणि ती न्यायाची आहे. मात्र पिल्ले हाती आल्यावर थोरली, तुकतुकीत पिल्ले अंडीवालीने उचलावी आणि एकवीस दिवस पाणी पाजणारीस लंगडी राहावी, असेही होते. यिर्मया संदेष्ट्याने तितर पक्ष्याचा दाखला देऊन, अन्यायाने धन मिळविणाऱ्याविषयी जे सांगितले ते सावकारांस लावून आपण मोकळे होतो. ते पिल्लांच्या डालीजवळ उभे राहून वाचावे. डोळे मिटून एक पिल्लू हिने उचलावे, एक तिने. भांडण राहत नाही.

आता शेवटल्या तीन दिवसांविषयी. अठराव्या दिवसापासून कोंबडी फारशी उठत नाही. तिला उठवू नये. पाणी टोपलीशेजारीच ठेवावे. एकोणिसाव्या विसाव्या दिवशी पिल्लू आतल्या पापुद्र्यास भोक पाडून अंड्याच्या रुंद टोकातील हवेच्या पोकळीत चोच काढिते, आणि आपल्या आयुष्यातला पहिला श्वास घेते. तेव्हापासून ते आतून बोलू लागते. कोंबडी हळू आवाजाने त्यास उत्तर देते, शेजारच्या अंड्यांतील पिल्लेही ऐकतात, आणि यामुळेच ती पुष्कळशी बरोबरच बाहेर येतात. ज्याने ज्याने पिल्लांस हाक मारली तो हाच आवाज होय असे आम्ही समजतो. आईचा आवाज त्यांस बाहेर आल्यावर नव्याने शिकावा लागत नाही.

मग कवचास बाहेरून तडा दिसतो, आणि येथेच बहुतेक घरी चूक होते. तडा पडून चार तास झाले, सहा झाले, पिल्लू बाहेर येत नाही. मुले घाबरतात, कोणी दयेने नखाने कवच सोलते. पापुद्र्यातून रक्त येते आणि पिल्लू मरते. कारण त्या वेळी पिल्लू अडकलेले नसते. त्याचे काम चाललेले असते. पापुद्र्यातील रक्त त्यास अंगात ओढून घ्यावयाचे असते, आणि उरलेला बलक, जो पुढले दोन दिवस त्याची शिदोरी होणार, तो पोटात घ्यावयाचा असतो. ह्यास बारा तास लागतात, कधी चोवीस. ते झाले म्हणजे ते स्वतःच गोल फिरत कवच कापते. कोंबडीची चोच त्या कवचाहून बळकट आहे. ती एका टोच्याने ते फोडू शकली असती. पण ती फोडीत नाही. पंख थोडे सैल करून बसून राहते.

बाप्तिस्म्यासाठी नावे देणाऱ्यांविषयी उपदेशक बंधूंस आम्ही इतकेच म्हणू की ह्या बारा तासांचा धीर फार थोड्यांजवळ असतो. एखादा मनुष्य महिनोन् महिने ऐकतो, प्रश्न विचारतो, बोलतो, आणि नेमका त्यापुढे थांबतो. घरी म्हातारी आई आहे, किंवा मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, किंवा आतले काही त्याचे त्यासच अजून उमगले नाही. वार्षिक सभा जवळ आली म्हणून त्यास ओढून काढू नये. आणि तो थांबला आहे म्हणून उठून दुसऱ्या टोपलीकडेही जाऊ नये. दोन्ही सारखेच मारक आहे. त्याच्याशी बोलत राहावे, म्हणजे तो आतून उत्तर देत राहील.

एकविसाव्या दिवशी, कधी बाविसाव्याच्या सकाळी, कोंबडी निघालेल्या पिल्लांस घेऊन टोपलीतून उतरते. त्यांस पाण्याची उथळ परात व जोंधळ्याच्या बारीक कण्या द्याव्या. आदल्या दिवशी दाणा दिला नाही म्हणून काळजी करू नये, शिदोरी त्यांच्या पोटात असते. टोपलीत मागे दोनतीन अंडी राहतात. ती तशीच उकिरड्यावर टाकण्याची घाई करू नये. कोंबडीस निघालेल्यांच्या मागे जावे लागते, म्हणून तिने ती सोडलेली असतात. ती सर्व मेलेली असतातच असे नाही. घरातल्या बाईने एक एक अंडे हळूच उचलून कानाशी धरावे. मुलांस गप्प बसवावे. ज्यातून अगदी बारीक चिवचिव किंवा टकटक ऐकू येईल ते मऊ फडक्यात गुंडाळून, चुलीच्या वायलाजवळ, हातास सोसेल इतक्याच उबेत ठेवावे, फडके अधूनमधून कोमट पाण्याने किंचित ओले करावे, आणि दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत वाट पाहावी. पिल्लू निघाले व वाळले म्हणजे रात्री अंधारात नेऊन आईच्या पंखाखाली सरकवावे. अंधारात ती मोजीत नाही.